कोऱ्या पापुद्र्याची उसळी

सोमवार, ५ सप्टेंबर १९८८
आज शिक्षक दिन, पण झालं उलटंच. झांबरे मॅडमनी मला भेट दिली. ही वही. खत कंपनीची डायरी आहे, आठ महिने त्यांच्या कपाटात कोरी पडून होती. म्हणाल्या, "लोटनभाऊ, प्रयोगशाळेचा एक नियम असतो. जे लिहिलं नाही ते घडलं नाही असं धरायचं." मी म्हटलं, मॅडम, माझं लग्न कुठेच लिहिलेलं नाही, तरी झुंबरबाई पस्तीस वर्षं घरात आहे. मॅडम हसल्या. त्या रोज हसणाऱ्यातल्या नाहीत.

तर लिहितो. मी लोटन उखर्डू बोरसे. गाव दोंडाईच्याजवळ, राहायला पिंप्राळ्यात. जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर, अठ्ठावीस वर्षं. निवृत्तीला तीन राहिली. काचेचं भांडं माझ्याइतकं स्वच्छ धुणारा कोणी असेल तर त्याने समोर यावं. ही बढाई नाही, खरं आहे म्हणून लिहिलं.

सोमवार, १२ सप्टेंबर
मॅडमचा पीएच.डी.चा प्रबंध जूनमध्येच विद्यापीठात गेला होता. आज परीक्षकांचं पत्र आलं. लिहिलंय ते चांगलं आहे म्हणतात, पण पदवीच्या आधी मी स्वतः येऊन डोळ्यांनी बघणार. आधी कोरा पापुद्रा दाखवा, मग हिरवा. तारीख २९ नोव्हेंबर. हे परीक्षकही पापुद्र्यांचंच काम करतात. त्यांची प्रयोगशाळा आमच्या दहापट मोठी आहे म्हणे.

घरी झुंबरबाईने विचारलं, "तुमनी बाई करस काय नेमकं?" तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. ऊन पडलं की पालकाच्या पानात विजेची बारीक हालचाल होते. ती होते एका पातळ पापुद्र्यात, जिथे पानाचा हिरवा रंग बसलेला असतो. पण पान म्हणजे मोठा कारखाना, त्यात कोण काय करतं ते कळत नाही. म्हणून मॅडम पापुद्रा स्वतःच बनवतात. टेफ्लॉनची पांढरी डबी, बोराएवढी. तिला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. डबीच्या आत मिठाचं पाणी, बाहेरही. अंड्याच्या बलकातून काढलेला तेलकट अर्क ब्रशच्या टोकाने त्या भोकावर सारवायचा. तो पातळ होत जातो, साबणाच्या फुग्यावर येतात तसे रंग येतात, मग रंग जातात आणि तो काळा पडतो. काळा पडला म्हणजे जमला. त्या वेळी तो दोन रेणूंच्या जाडीचा असतो, असं मॅडम म्हणतात.

अर्कात पालकाचा हिरवा रंग मिसळलेला असला आणि प्रोजेक्टरचा उजेड पाडला, की मीटरचा काटा साठ मिलिव्होल्टपर्यंत चढतो. रंग न घातलेला कोरा पापुद्रा असला तर काटा जागचा हलत नाही. म्हणजे करामत हिरव्या रंगाची, दुसऱ्या कशाची नाही. एवढं सिद्ध करायला मॅडमना आठ वर्षं लागली.

झुंबरबाई म्हणाली, "आठ वरीस? पान ते रोजच करस."

मंगळवार, २७ सप्टेंबर
आज दोन पापुद्रे जमले, सहा फुटले. चार केळीच्या ट्रकने फोडले. रावेरकडून भरून आलेला ट्रक कॉलेजसमोरच्या खड्ड्यात आदळला की आमच्या टेबलाला कळतं. म्हणून डबी ठेवली आहे शहाबादी फरशीवर, फरशी स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या दोन ट्यूबांवर, आणि ट्यूबा वाळूच्या खोक्यात. बाहेरची वीज आत येऊ नये म्हणून भोवती जाळीचं कपाट, ते मॅडमच्या माहेरचं, रावेरचं. त्यात आधी दूध-दही ठेवायचे. परदेशात याला हजारोंचं यंत्र लागतं म्हणे. या बाईने रावेरच्या स्वयंपाकघरातून आणलं. मी आयुष्यात खूप प्रोफेसर पाहिले, बहुतेकांना फ्यूज बदलता येत नाही.

माझं काम व्हरांड्यात उभं राहून येणाऱ्या स्कूटर थांबवायचं. आज हेडसरांची, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांची, थांबवली. ते चिडले. म्हणाले, "लोटन, त्या बाईचा पापुद्रा फुटेल म्हणून मी आता उडत येऊ का?" मी म्हटलं, सर, ढकलत आणा.

संध्याकाळी मॅडमनी जाळीच्या कपाटाची जादा किल्ली माझ्या हातात दिली. आठ वर्षं ती त्यांच्या पर्समध्ये होती. म्हणाल्या, "परीक्षा होईपर्यंत दोघांकडे असू दे. मी आजारी पडले तर पाणी बदलणारं कोणी हवं." मला फार बरं वाटलं. घरी येऊन किल्ली देव्हाऱ्यात ठेवली.

बुधवार, १९ ऑक्टोबर. खंडेनवमी
हे लिहू की नको असं झालंय, पण नियम म्हणजे नियम.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी माझ्या हातून बारीक तराजूवर कुंकू सांडलं होतं. हेडसरांनी मेमो दिला. उपकरणांना हळदकुंकू लावायचं नाही, पुन्हा झालं तर सेवापुस्तकात नोंद. तेव्हापासून मी या दिवशी लांबूनच हात जोडतो. पण यंदा बाईंची परीक्षा. शेतकरी आज नांगराची पूजा करतो, शिंपी कात्रीची, गवंडी थापीची. आठ वर्षं ज्या डबीने साथ दिली तिला हळदीचं बोट लागू नये, हे मनाला पटेना.

सकाळी सातला गेलो, विभागात कोणी नव्हतं. किल्ली लावली. डबी बोराएवढी, आणि माझा अंगठा म्हणजे अंगठाच. हळद लावली तर डबी दिसायची नाही. म्हणून ब्रश घेतला. ब्रश दोन आहेत. हिरव्या पापुद्र्याचा हिरवट झालेला, त्याला हात लावावासा वाटला नाही. कोऱ्या पापुद्र्याचा स्वच्छ. हळद पाण्यात कालवली आणि त्या ब्रशच्या टोकाने डबीच्या कडेला पाच ठिपके काढले, मोहरीएवढे. फार सुंदर दिसले. नारळ फोडला नाही, आवाज होतो. मग डबी पुसली. ब्रश नळाखाली तीनदा धरला, पाणी अगदी निर्मळ येईपर्यंत. केस थोडे पिवळट दिसले, पण ते बलकाने आधीपासूनच पिवळट आहेत.

देवाला पोचलं आणि हेडसरांना दिसलं नाही. आता २९ नोव्हेंबरची मला काळजी नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर
मॅडमनी परीक्षेची रंगीत तालीम घेतली. आधी कोरा पापुद्रा. छान काळा पडला. उजेड टाकला. काटा हलला.

मला वाटलं मीच चुकीचं पाहिलं. मॅडमनी उजेड बंद केला, काटा खाली. चालू केला, काटा वर. आठ मिलिव्होल्ट. पुन्हा पापुद्रा केला. पुन्हा आठ.

शनिवार, २९ ऑक्टोबर
आठवडाभर तेच. कोऱ्या पापुद्र्याने काटा हलवायचा नसतो. तो हलवत असेल तर हिरव्या रंगाचं श्रेय काय राहिलं? मॅडमनी मला हे समजावलं ते मात्र मला नीट कळलं: घरात नुसतं पाणी उकळलं आणि तरी चहाचा वास आला, तर चहा चांगला होता असं कोणाला सांगणार?

मला पंख्याचा संशय आहे. नाहीतर वायरमनचा. मागच्या महिन्यात त्याने वरच्या मजल्यावर काहीतरी जोडलंय. मी त्याला दोन शब्द सुनावून आलो. भांड्यांबद्दल मी मॅडमना छातीठोक सांगितलं की स्वच्छतेत कसर नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर मी कधी संशय घेणार नाही, लोटनभाऊ."

गुरुवार, ३ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी लागली, आम्ही दोघंच येतो. मॅडमची रीत बघून मी थक्क आहे. त्यांनी चौदा गोष्टींची यादी केली. पाणी, मीठ, तारा, दिवा, अंडी, सगळं. एका दिवसात एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही, असं त्या म्हणतात. मी असतो तर सगळं एकदम उकिरड्यावर टाकून नवीन मांडलं असतं. अंड्यांचा दुकानदार बदलला, गावरान आणली. बलकाचा अर्क नवा काढला. मॅडम स्वतः अंडं खात नाहीत, पण फोडतात असं की कवचात थेंब राहत नाही.

काटा हलतोच आहे. सात, कधी आठ.

यादी मी पाहिली. ब्रश त्यात नाही. ब्रश म्हणजे हातच झाला, हाताला यादीत कोण घालतं.

बुधवार, ९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन
मॅडम रावेरला गेल्या नाहीत. भाऊ न्यायला आले होते, त्यांना परत पाठवलं. झुंबरबाईने डबा भरून दिला, शेव आणि अनारसे. मॅडमनी एक अनारसा खाल्ला आणि विचारलं, यात तूप कुठलं. मला वाटतं त्यांना आता सगळ्यात पापुद्राच दिसतो.

बुधवार, १६ नोव्हेंबर
आज मोठा दिवस, आणि वाईट.

मॅडमनी मला ऑर्केस्ट्रावाल्याकडून रंगीत जिलेटिनचे कागद आणायला सांगितले होते, स्टेजच्या दिव्यांना लावतात ते. लाल कागद उजेडापुढे धरला. हिरवा पापुद्रा लाल उजेडातही काटा उठवतो, कोरा मात्र गप्प. निळा कागद धरला, कोऱ्याने काटा उठवला. मॅडम खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "काहीतरी पिवळं आहे यात. पिवळी वस्तू निळा उजेड खाते, म्हणूनच ती पिवळी दिसते."

मी म्हटलं, पिवळं म्हणजे बलकच की. त्या म्हणाल्या, "तेच असणार. बलकाचाच पिवळा रंग काम करतोय. म्हणजे माझा कोरा पापुद्रा कधी कोरा नव्हताच, आणि पूर्वी तो गप्प होता तो माझ्याच मोजण्यातल्या चुकीने." त्यांचा आवाज अगदी शांत होता. मला त्यापेक्षा रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

केवढी हुशार बाई. एका रंगीत कागदाने चोराचा रंग सांगितला. मला अभिमान वाटला आणि वाईटही, दोन्ही एकदम.

सोमवार, २१ नोव्हेंबर
हेडसर आले होते. म्हणाले, "बाई, आठ मिलिव्होल्टचं काय एवढं? त्या दिवशी दिवा जरा लांब ठेवा. परीक्षक चहा घेतील आणि जातील." वाईट मनाने नाही म्हणाले. आठ वर्षं वाया जाऊ नयेत एवढंच त्यांचं म्हणणं.

मॅडम म्हणाल्या, "सर, काटा हललेला मी पाहिलाय."

एवढंच बोलल्या. मी अठ्ठावीस वर्षांत या इमारतीत यापेक्षा मोठं वाक्य ऐकलेलं नाही.

मग त्यांनी पत्र लिहिलं, विद्यापीठाला, प्रबंध मागे घेते म्हणून. लिफाफा मला दिला, रजिस्टर करायला. म्हणाल्या, "आणि उद्यापासून सगळं धुऊन-पुसून कपाटात भरून टाका. इतर कोणाला उपयोगी पडेल." मी पोस्टात गेलो तर रजिस्टरची खिडकी बंद झाली होती. लिफाफा खिशात आहे. सदऱ्याला वजन आल्यासारखं वाटतंय.

मंगळवार, २२ नोव्हेंबर
घाईने लिहितोय. अक्षर वाईट येईल.

मॅडम आज आल्या नाहीत. मी एकटाच भरायला बसलो. भरून ठेवायची वस्तू मी माझ्या पद्धतीने धुतो, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. एरवी ब्रशला सोडा लावायची मला मनाई होती, मॅडम तो स्वतःच साफ करायच्या. आता काय मनाई. काचसामान झालं, डबी झाली, हिरव्याचा ब्रश झाला. मग कोऱ्याचा ब्रश सोड्याच्या पाण्यात घातला.

लाल झाला.

हे कळायला कॉलेज शिकावं लागत नाही. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो. कोणत्याही घरातल्या बाईला विचारा. हळद. फक्त हळदच अशी लाल होते.

मी ही वही उघडली. १९ ऑक्टोबर. माझ्याच हातचं. कोऱ्या पापुद्र्याचा ब्रश, पाच ठिपके, फार सुंदर दिसले. काटा हलला २४ तारखेला. पाणी निर्मळ आलं होतं, कारण हळद पाण्यात जातच नाही, ती तेलात जाते. हेही फोडणी घालणाऱ्या बाईला माहीत असतं. मलाच तेव्हा सुचलं नाही. नवा अर्क काढला की मॅडम हाच ब्रश त्यात बुडवायच्या, म्हणजे नव्या अर्कातही माझीच हळद.

वायरमनला मी उगाच बोललो.

घरी आलो तर झुंबरबाईने तोंड बघूनच विचारलं, "काय व्हयनं?" सांगितलं. मेमोचंही सांगितलं, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत हेही. लिफाफा उद्या पोस्टात टाकला तर कोणालाच काही कळणार नाही, हेही माझ्या तोंडून निघून गेलं. मला त्याची लाज वाटते, पण ते बोललो हे खरं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "खरं सांगी टाका. पोटमा ठेवेल गोट सडस."

बुधवार, २३ नोव्हेंबर
सकाळीच मॅडमच्या घरी गेलो. दारातच लिफाफा, लाल ब्रश आणि ही वही पुढे केली. म्हटलं, मॅडम, १९ तारीख वाचा.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. एकदा, मग पुन्हा. मी खाली मान घालून उभा. मनात म्हटलं, आता ही बाई जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. त्यांनी विचारलं, "ठिपके कोणत्या ब्रशने? नक्की कोऱ्याच्याच?" मी हो म्हटलं. "आणि हिरव्याच्या ब्रशला सोडा लावला?" लावला. "तो लाल झाला?" नाही झाला. त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

रिक्षाने आलो. प्रयोगशाळेत नवा ब्रश, नवी अंडी, नवा अर्क. सगळं पुन्हा मांडायला दुपारचे तीन वाजले. कोरा पापुद्रा काळा पडला. उजेड टाकला. काटा जागचा हलला नाही. चार वेळा केलं, चारही वेळा काटा मेल्यासारखा.

मग मॅडमनी एक गोष्ट केली जी मला जन्मात सुचली नसती. समोरच्या दुकानातून हळद मागवली. चिमूटभर त्या नव्या अर्कात मुरवली, गाळली, पापुद्रा केला. उजेड टाकला आणि काटा उठला. निळ्या कागदात उठला, लाल कागदात गप्प. मॅडम खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मीही रडलो, लपवायचं कशाला.

नंतर म्हणाल्या, "मी बलकाला दोष दिला, स्वतःच्या आठ वर्षांना दोष दिला. तुम्ही नसतं सांगितलं तर मी ते खरंच धरून चालले असते." मी म्हटलं, मॅडम, मी नसतो तर हे झालंच नसतं. त्या म्हणाल्या, "हेही खरं." मग बऱ्याच दिवसांनी हसल्या. लिफाफा त्यांनी स्वतः फाडला. हेडसरांना हे कळायचं कारण नाही, असं मला दोनदा बजावलं.

मंगळवार, २९ नोव्हेंबर
परीक्षक आले. बारीक, पांढऱ्या केसांचे, मराठी बोलणारे. कोट काढून सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि सरळ टेबलाखाली वाकून ट्यूबा दाबून पाहिल्या. तेव्हाच मला माणूस आवडला.

कोरा पापुद्रा, काटा गप्प. परीक्षकांनी तीन वेळा करायला लावलं. मग हिरवा. मॅडमचा हात असा स्थिर की मी व्हरांड्यातूनही बघत राहिलो. स्कूटर थांबवायचं विसरलो, नशिबाने कोणी आलं नाही. काटा एकसष्टपर्यंत गेला. परीक्षक म्हणाले, "वा." हेडसरही म्हणाले, "वा."

मग परीक्षकांना टेबलावर तिसरा आलेख दिसला. "ही हळद का घेतलीत? प्रबंधात नाही." मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आत येत होतो. मॅडम म्हणाल्या, "ती चूक होती. मध्यंतरी कोऱ्याच्या ब्रशला हळद लागली. माझ्याच निष्काळजीपणाने."

मी ट्रे ठेवला. माझ्या आयुष्यात मी खूप खोटं ऐकलंय, थोडं बोललोही आहे. पण ज्या बाईने आठ मिलिव्होल्ट लपवले नाहीत, तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागावं, हे मला सहन झालं नाही. म्हटलं, "नाही सर. मी लावली. खंडेनवमीची पूजा केली, ब्रशनेच ठिपके काढले. मॅडमना माहीत नव्हतं."

हेडसरांचा कप तोंडाशी थांबला. मॅडमनी डोळे मिटले. परीक्षकांनी चष्मा काढला आणि मला एकेक विचारायला लागले. हळद कोणती, किती, ब्रश कसा धुतला, पाणी कसं दिसलं, काटा किती दिवसांनी हलला, रोज किती. मी सगळं सांगितलं. हळद हे कसं ओळखलं, विचारलं. म्हटलं, सोड्यात लाल झाली. त्यांनी चष्मा परत लावला. मग वही काढली आणि माझं नाव विचारलं, वडिलांसकट पूर्ण. पत्ता विचारला. सगळं लिहून घेतलं.

म्हणजे तक्रार वरून येणार. असो. मॅडमची पदवी पक्की झाली. निघताना परीक्षकांनी हेडसरांसमोर सांगितलं की इतका स्वच्छ कोरा पापुद्रा त्यांनी कुठे पाहिला नाही. स्वच्छ, असा शब्द वापरला. माझ्या कानांनी ऐकला.

शुक्रवार, १६ डिसेंबर
पत्र आलं. माझ्या नावाने, कॉलेजच्या पत्त्यावर, मागे परीक्षकांचं नाव. हेडसरांनी ते मला देताना विचारलं, "काय रे, काय म्हणतात?" त्यांचाही मेमो टाइप होऊन टेबलावर आहे, क्लार्कने मला सांगितलंय. वरून काय येतं ते बघून सही करणार.

मी उघडलं नाही. घरी आणलं.

सोमवार, १९ डिसेंबर
तीन दिवस पत्र ट्रंकेत होतं. आज झुंबरबाईने काढून हातात दिलं. "कागद शे तो, साप नही." मी ते मॅडमकडे नेलं, म्हटलं, तुम्हीच फोडा. त्यांनी मोठ्याने वाचलं. मराठीत होतं, हाताने लिहिलेलं. मी इथे उतरवून ठेवतो.

"श्री. लोटन उखर्डू बोरसे यांस सप्रेम नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत गेली सहा वर्षे दिवाळीच्या आसपास कोऱ्या पापुद्र्यात चार-पाच मिलिव्होल्टची उसळी येते आणि संक्रांतीपर्यंत हळूहळू कमी होते. आम्ही ती थंडीवर ढकलली होती. थंडीचा परिणाम म्हणून मी तसे छापूनही बसलो आहे. जळगावहून परत आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आमचा ब्रश सोड्यात बुडवला. तो लाल झाला. आमच्याकडे साफसफाई बघणाऱ्या तानुबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, सर, दरवर्षीच पूजा करते, तुम्ही दसऱ्याला गावी गेल्यावर. सहा वर्षे त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर भीतीने त्यांनी सांगितले नसते. तुम्ही वरिष्ठांसमोर न विचारता सांगितलेत. मी माझा लेख मागे घेत आहे आणि त्याचे कारण लिहिताना तुमचे पूर्ण नाव देत आहे. म्हणून ते त्या दिवशी लिहून घेतले. काही चुकले असल्यास कळवावे."

मॅडमनी वाचून झाल्यावर पत्र माझ्याकडे दिलं नाही, आधी हेडसरांकडे नेलं. मी दाराबाहेर उभा होतो. मग कागद फाडल्याचा आवाज आला. पत्र मॅडमच्या हातात आख्खं होतं, म्हणजे फाडलं ते दुसरंच. हेडसर बाहेर आले आणि मला म्हणाले, "लोटन, त्या बारीक तराजूलाही एकदा सोडा लावून बघ." मी हो म्हटलं.

नावात चूक नव्हती. उखर्डूचा रफारसुद्धा बरोबर होता. आमच्या वडिलांचं नाव आजवर फक्त सातबाऱ्यावर लिहिलेलं होतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर १९८९. खंडेनवमी
जुन्याच वहीत लिहितो, मागची पानं उरली आहेत.

आज सकाळी सातला गेलो तर मॅडम, आता डॉक्टर झांबरे, माझ्या आधीच हजर. म्हणाल्या, "यंदा पूजा करायची, लोटनभाऊ. पण विचार करून." मी म्हटलं, झेंडूचं फूल ठेवू. त्या म्हणाल्या, झेंडूत पिवळा रंग आहे. आपट्याचं पान म्हटलं तर त्यात हिरवा. उदबत्तीचा धूर काचेवर बसतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "नारळ चालेल. नारळात काही नाही."

मी म्हटलं, "मॅडम, नारळात तेल असतं. पापुद्रा तेलकटाचाच असतो."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "लोटनभाऊ, तुम्ही विचारा, मी उत्तर देते, असं आता चालू करू या."

मी खिशातून जाळीच्या कपाटाची किल्ली काढली. पूजा तिचीच केली, बाहेर व्हरांड्यात, पाटावर, हळदकुंकू, फूल, नारळ, सगळं लावून. मॅडमनी हात जोडले. नंतर किल्ली सोड्याच्या पाण्यात धुतली. आधी पाणी लाल आलं, दुसऱ्यांदा थोडं, तिसऱ्यांदा आलं नाही. चौथ्यांदाही धुऊन बघितली, आणि मग कपाटाला लावली.